केसपेपरवर न आलेली तक्रार : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी निवृत्त अधिपरिचारिका आहे. नोकरीची शेवटची १७ वर्षं मेळघाटात काढली. आपल्याकडे माझी एकच मागणी आहे. ज्या सरकारी दवाखान्यांत आदिवासी बाया बाळंतपणाला येतात, तिथे त्यांची भाषा बोलणारी दुभाषी बाई दिवसरात्र हजर पाहिजे, आणि ती मंजूर पदावर, पगारावर पाहिजे. मागणी ऐकायला छोटी वाटेल. ती मी का करते आहे हे सांगायला २००४ सालच्या एका रात्रीपासून सुरुवात करावी लागेल.

अकोल्याहून बदली होऊन मला तिथे जेमतेम महिना झाला होता. पावसाळा होता. संध्याकाळी एक पहिलटकरीण सासूबरोबर जीपने आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. नववा महिना, पायावर आणि चेहऱ्यावर सूज. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर हात दाबून ती सारखं एकच म्हणत होती, "लाज... लाज... कासू." डॉक्टर नवीन होते, बॉन्डवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेले, स्वभावाने चांगले. ते म्हणाले, "सिस्टर, लाजते आहे ही. जरा पडदा लावा." मी पडदा लावला आणि तिला म्हटलं, "लाजू नको बाई, इथं सगळ्या बायाच आहेत." तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. ती नजर मी अजून विसरलेले नाही. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं गेलं, 'नो स्पेसिफिक कम्प्लेंट'. लेबर रूममध्ये आणखी दोघी कळा देत होत्या. हिची काही तक्रार नाही म्हणून हिचं बीपी नंतर घेऊ असं मी ठरवलं, आणि ते राहून गेलं.

रात्री अडीचला तिला झटके आले. तेव्हा बीपी १८० वर १२० होतं. झटके थांबवणाऱ्या मॅगसल्फ इंजेक्शनचा पहिला डोस देऊन, जीपमध्ये घालून तिला अमरावतीला पाठवलं. सेमाडोहच्या जंगलातला रस्ता आणि परतवाड्याकडे उतरणारा घाट, सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

पहाटे फरशी पुसताना सफाईचं काम करणारी मावशी मला म्हणाली, "सिस्टर, ते पोट दुखते म्हणत होती न. लाज म्हणजे आमच्यात पोट. कासू म्हणजे दुखते."

साहेब, गरोदर बाईच्या अंगावर सूज आहे आणि पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, ही धोक्याची खूण आहे हे नर्सिंगच्या शिक्षणातच शिकवतात. तिने ती खूण आम्हाला बोट ठेवून दाखवली होती. आमच्या कानावर मराठीतला 'लाज' हा शब्द पडला, आणि पुढचं काही ऐकायची गरज आम्हाला वाटली नाही. आदिवासी बाई म्हणजे लाजरी, बुजरी, न बोलणारी, हे आमच्या डोक्यात आधीच पक्कं बसलेलं होतं. ती चूक माझी होती आणि मी ती कबूल करते. पण ज्या व्यवस्थेत दोन अनोळखी भाषांच्या मधे उभं राहायला फक्त फरशी पुसणारी मावशी असते, तिथे ही चूक कुठल्या ना कुठल्या रात्री होणारच.

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली भाषा आहे. गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या. नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली बोलतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे १ कोटीहून जास्त लोक आहेत. त्यातल्या पुष्कळांना मराठी चांगली येते, धारणीच्या बाजारात माझ्याशी मराठीत घासाघीस करणाऱ्या कोरकू बाया होत्या. पण बाजारातली मराठी वेगळी आणि अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबद्दल, नवऱ्याबद्दल, पोटातल्या बाळाची हालचाल कमी झाल्याबद्दल बोलायची भाषा वेगळी. ती बाईची स्वतःचीच लागते.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली, आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आजार अंगावर काढण्याची सवय बायांना असते असं आपण सहज बोलून जातो. त्या बायांना कुणी विचारलंच नव्हतं, तर त्या सांगणार कुणाला?

मेळघाटात मी एक शब्द हजारो वेळा ऐकला, तो म्हणजे 'हो'. गोळ्या घेतल्या का? हो. समजलं का? हो. सोनोग्राफीला जाशील ना? हो. एकदा गृहभेटीला गेले तेव्हा कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलेली लोहाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, चार महिन्यांची. आशाताईने कोरकूत विचारलं तेव्हा कळलं, की गोळी खाल्ल्यावर शौचाला काळं झालं, बाई घाबरली, आणि तिने गोळ्या बंद केल्या. लोहाच्या गोळीने असं होतं, घाबरू नकोस, हे वाक्य तिला कुणी तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र तिच्यासमोर दर महिन्याला बरोबरची खूण होती.

आणि प्रश्न फक्त शब्दांचा नाही. आपण एखाद्या दवाखान्याच्या ओपीडीत न सांगता तासभर बसलात तर ऐकाल. शिक्षकाची बायको आली की 'ताई, बसा.' पातळ नेसलेली, हातावर गोंदलेली पन्नाशीची बाई आली की 'ए, वर चढ. पाय पसर.' तिला कुणी आई म्हणत नाही, मावशी म्हणत नाही. टाके घालताना ती कळवळली तर कुणीतरी म्हणतं, "यांना काही होत नाही, या तर शेतात बाळंत होतात." हे वाक्य मी चांगल्या, कष्टाळू सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही मान डोलावली आहे.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा समजलं, की हेच वाक्य अमेरिकेतही बोललं जातं. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वैद्यकीय विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधानं वाचायला दिली. काळ्या माणसाची कातडी जाड असते, अशा धर्तीची. गोऱ्या विद्यार्थ्यांतल्या जवळपास निम्म्यांना त्यातलं किमान एक तरी खोटं विधान खरं वाटलं, आणि ज्यांना खरं वाटलं त्यांनी काळ्या रुग्णाच्या दुखण्याला कमी लेखलं. टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं बाळंतपण २०१७ साली झालं. सिझेरियननंतर तिला श्वास पुरेना. आपल्याला पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं औषध द्या, असं तिने स्वतः नर्सला सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही गोंधळली आहे. सेरेनाने हट्ट धरला, शेवटी स्कॅन झाला, आणि फुप्फुसात खरंच गुठळ्या सापडल्या. जगभर नाव, हाताशी पैसा, इंग्रजी तिची मातृभाषा. तरी तिला दोनदा सांगावं लागलं. आमच्या त्या पोरीकडे यातलं काहीच नव्हतं. तिने नुसतं पोटावर हात ठेवून पाहिलं.

ब्रिटनमध्ये बाळंतपणात दगावणाऱ्या प्रत्येक बाईच्या मृत्यूची चौकशी होते आणि वंशानुसार आकडे जाहीर केले जातात. २०१८ च्या अहवालात दिसलं, की काळ्या बायांचं मृत्यूचं प्रमाण गोऱ्या बायांच्या पाचपट आणि आशियाई बायांचं दुप्पट होतं. आशियाई म्हणजे त्यात आपल्याकडून गेलेल्या लेकी-सुनाही आल्या. त्या पाचपट आकड्यावरून तिथल्या दोन काळ्या आयांनी मोहीम उभी केली, पार्लमेंटच्या समितीला दखल घ्यावी लागली. नंतरच्या अहवालांत दरी थोडी कमी झाली, मिटली नाही. पण ती किती आहे हे तिथल्या बाईला माहीत आहे आणि ती मंत्र्याला तोंडावर विचारू शकते.

आपल्याकडे २०१८-२० चा राज्याचा मातामृत्यू दर होता एक लाख जिवंत जन्मांमागे ३३. तेव्हा देशात केरळच्या खालोखाल. या आकड्याचा मला अभिमान आहे, त्यात माझ्यासारख्या हजारो परिचारिकांच्या रात्री आहेत. पण हा अख्ख्या राज्याचा एक आकडा. त्यात कोरकू बाई कुठे आहे, माडिया बाई कुठे आहे, ते त्यातून कळत नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्यावरचा अहवाल केंद्राला दिला, त्यातही आदिवासींच्या आरोग्याची वेगळी माहितीच अपुरी असल्याचं नोंदवलेलं आहे. राज्यातल्या प्रत्येक मातामृत्यूची जमातवार नोंद दरवर्षी जाहीर व्हावी, आणि त्या नोंदीत एक रकाना असावा की या बाईशी तिच्या भाषेत कोण बोललं.

आता दुभाषीबद्दल. आजही हे काम होतंच, पण ज्याला वेळ असेल तो करतो. कधी आशाताई, कधी बाजूच्या खाटेवरची बाई, बहुतेक वेळा नवरा किंवा सासू. नवऱ्याच्या तोंडून बायकोचं दुखणं कसं बाहेर येतं ते प्रत्येक नर्सला माहीत आहे. ती दोन मिनिटं बोलते आणि तो म्हणतो, "काही नाही, बरी आहे." जिला मारहाणीमुळे रक्तस्राव होतोय तिने सासूमार्फत काय सांगावं? म्हणून दुभाषी बाईच हवी, घराबाहेरची हवी, ऐकलेलं पोटात ठेवण्याचं प्रशिक्षण घेतलेली हवी.

डॉक्टरांनीच कोरकू शिकावी असं काही जण म्हणतात. ज्यांनी शिकली त्यांना माझा नमस्कार. पण बॉन्डवरचा डॉक्टर एका वर्षाने जातो आणि मागे नवा येतो. आदिवासींनी मराठी शिकावी असंही म्हणतात. मुली शिकताहेतच. पण कळा सुरू झालेल्या बाईला आपण 'आधी मराठी शिकून ये' म्हणणार का?

शिवाय हा कायद्याचाही मामला आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं, की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची रुग्णहक्कांची सनदही आपल्या दवाखान्यांच्या भिंतींवर लावायची असते. सिझेरियनच्या, नसबंदीच्या फॉर्मवर मी असंख्य अंगठे घेतले आहेत. शाईचं पॅड पुढे करायचं, अंगठा धरायचा, टेकवायचा. त्यातल्या किती जणींना खाली काय लिहिलंय ते कळलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मला टोचतं.

लाज आणि कासू म्हणणारी ती मुलगी तीन वर्षांनी परत आली. या वेळी आशाताई तिच्या शेजारी बसली होती. मी कोरकूत जेवढं शिकले होते तेवढ्यात विचारलं, "लाज कासू?" तिने आधी माझ्याकडे, मग आशाताईकडे पाहिलं, आणि सलग दहा मिनिटं बोलली. रात्री डोकं दुखतं, डोळ्यांसमोर काजवे चमकतात, भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जाऊन आले, मागच्या बाळासारखं होईल म्हणून झोप लागत नाही. बीपी १५० वर १०० होतं. गोळ्या सुरू केल्या आणि तिला वेळेवर अमरावतीला पाठवलं. मुलगी झाली. आशाताईचा त्या दिवसाचा शेतातला रोज बुडाला होता. तिच्या मोबदल्याच्या यादीत 'बाईशी तिच्या भाषेत बोलणे' असं कुठलंच काम नाही, त्यामुळे त्याचे पैसे तिला मिळाले नाहीत.

धारणी, चिखलदऱ्यात बारावी झालेल्या कोरकू मुली घरी बसून आहेत. भामरागडला माडिया मुली आहेत, धडगावला पावरा मुली आहेत. सहा महिन्यांचं प्रशिक्षण द्या, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात पाळीनुसार नेमा, लेबर रूममध्ये त्यांना खुर्ची द्या. पदाचं नाव काय ठेवायचं ते आपलं खातं ठरवेल. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला निघू द्या.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
परतवाडा, जि. अमरावती