टेबलातला दर टेबलातच बदलू द्या की!

संपादक महोदय,

देवगडात आंब्याचा सीझन तापला की आमच्या पॅकिंग शेडमध्ये वाशीला जाणाऱ्या पेट्यांची नोंद कॉम्प्युटरवर होते, पण सॉफ्टवेअर असं की टेबलात दर दिसतो, त्यावर कितीही क्लिक करा बदलत नाही, प्रत्येक ओळीला वेगळा फॉर्म उघडा, बदला, सेव्ह करा, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय! सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर म्हणे सिस्टीममध्ये बसत नाही. अहो, बसतं की. प्रोग्राम जावा स्विंगमधला (जावा भाषेत खिडक्या, बटणं, टेबलं बनवायचं साधन) आहे, टेबल मॉडेल म्हणजे टेबलातली माहिती सांभाळणारा कोड, त्यातल्या इजसेलएडिटेबल (ही चौकट बदलता येईल का ते सांगणारं) या फंक्शनने हव्या त्या कॉलमला ट्रू, म्हणजे होय, असं उत्तर द्यायचं आणि सेटव्हॅल्यूअ‍ॅटमध्ये, म्हणजे बदललेलं लिहून ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये, नवा आकडा साठवायचा. पेटी नंबर, बागायतदाराचं नाव लॉकच ठेवा (नाहीतर कोणाची पेटी कोणाच्या नावावर!), फक्त दर आणि डझन उघडे करा. एक मात्र बघा, आकडा टाइप करून एंटर न मारता थेट सेव्ह दाबलं तर स्विंग तो आकडा घेतच नाही, त्यासाठी टर्मिनेटएडिटऑनफोकसलॉस्ट ही टेबलाची प्रॉपर्टी (चौकटीबाहेर क्लिक केलं की टाइप केलेलं पक्कं करणारी सेटिंग) चालू करावी लागते, नाहीतर बिल जुन्याच दराने जाणार आणि भांडणं आमच्या दारात. सीझन संपायच्या आत करा म्हणजे झालं.

– एक आंबा बागायतदार, देवगड