चुना कोणी टाकला ते वरून दिसत नाही

नागपूर
मंगळवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या फोनवर नाही. तेव्हा राग अजून गेलेला नाही हे समजलं. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. रविवारचा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलं आहे.

ड्रोनचं ट्रेनिंग मन लावून कर. तू गेल्यावर मी २०२१ चे ड्रोनचे नियम वाचून काढले. तुझं यंत्र अडीचशे ग्रॅमच्या वर आणि दोन किलोच्या आत, म्हणजे मायक्रो. हौसेने उडवणाऱ्याला ते चालवायचं सर्टिफिकेट लागत नाही, धंदा करायचा तर लागतं. लग्नांमध्ये कितीतरी पोरं बिनासर्टिफिकेटची उडवून राहिली आहेत, पण तू कोणी न सांगता आपणहून गेलीस. हे मी रविवारी बोलायला हवं होतं, ते राहिलं आणि भलतंच बोललो गेलो.

नकाशाही पाहिला. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापुढच्या मोकळ्या भागात ४०० फुटांपर्यंत. आता आपल्या गावात नवीन बांधकाम कुठे चाललं आहे ते पहा. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, वर्धा रोड, मिहान. सगळं सोनेगाव विमानतळाला लागून. बिल्डर म्हणेल, ताई, पाच मिनिटांचं तर काम आहे, कोण पाहते. दंड एक लाखापर्यंत आहे. पण त्या बाबतीत तू कोणाचं ऐकणार नाहीस, याची मला खात्री आहे. उमरेड रोडचा तो ले-आउट, प्लॉट पाडून विकायला काढलेली ती जमीन, या सगळ्याच्या बाहेर पडते. तिथे परवानगीची अडचण नाही, आणि माझा जीव तिथेच अडकला आहे.

निघालाच विषय. आता लिहूनच टाकतो.

त्या ले-आउटच्या मालकाने तुला व्हिडिओतला हायटेन्शनचा टॉवर पुसायला सांगितला आणि नाल्याचा पट्टा हिरवागार करून मागितला. तू म्हणालीस, "बाबा, एडिटिंग आहे ते, सगळेच करतात. माझं काम फोटो काढायचं, प्लॉट विकायचं नाही." अजून तू त्याला हो म्हटलेलं नाहीस, हेही मला माहीत आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी, २०२० मध्ये, स्वामित्व योजना आली. गावठाणाची मोजणी ड्रोनने. आमच्यातले जुने भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे, नाराज होते, मला मात्र फार अप्रूप वाटलं होतं. पण ड्रोन उडायच्या आधी काय करावं लागायचं, तर घराघराच्या हद्दीवर चुना टाकावा लागायचा. ग्रामसेवक, आम्ही आणि दोन्हीकडचे शेजारी उभे. सख्ख्या भावांमध्ये वीतभर जागेवरून अख्खी सकाळ जायची. ते मिटलं की मग चुना, आणि मग कुठे तो ड्रोन वर जायचा. चित्रात ती पांढरी रेघ इतकी सुरेख यायची! पण ती रेघ खरी होती ती खाली दोन्ही शेजारी उभे होते म्हणून. ले-आउटवर मालक एकटाच चुना टाकतो. मुरमाचे रस्ते, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंटे, पुढे कमान. चारशे फुटांवरून दोन्ही चुने सारखेच पांढरे दिसतात, मनू. खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, कॅमेऱ्यात येत नाही. जमीन भोगवटदार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का, सातबाऱ्यावर कोणत्या बहिणीचं नाव राहून गेलं आहे, हे कॅमेऱ्यात येत नाही. टॉवर आणि नाला तेवढे येतात, आणि तेच पुसायला सांगतो आहे तो.

धाकट्या काकांचं पुन्हा सांगणार नव्हतो. तुला सगळं पाठ आहे. पण एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. त्या प्लॉटचा रंगीत कागद होता. त्यावर झाडं, बाक, लहान मुलांची घसरगुंडी. काकूंनी तो देवघराच्या फडताळात कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. पुढे प्लॉट दोघांना विकलेला निघाला. कागद काढणाऱ्याला कोणी कधी काही विचारलं नाही. त्याचं काम छापायचं होतं.

तुलाही कोणी विचारणार नाही. रेराच्या, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्यांवरच्या कायद्यात खोट्या जाहिरातीची भरपाई प्रवर्तकाकडे, म्हणजे प्रकल्प काढणाऱ्याकडे मागतात, व्हिडिओ काढणाऱ्याकडे नाही. तुला कोणी धरलं असतं तर मला एवढी धास्ती वाटली नसती, कारण तू मुळात सावध पोरगी आहेस.

आणि नाल्याचं तर तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, तेव्हा डागा ले-आउटला आत्याकडे चिखल उपसायला आपण दोघंच गेलो होतो. त्यांचा फ्रीज आडवा पडून स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता. उमरेड रोडचा तो नाला एप्रिलमध्ये गवताचा पट्टा वाटतो. तू तो हिरवा केलास की बागेसारखा वाटेल आणि त्याच्या कडेचा प्लॉट सगळ्यात आधी जाईल.

भाषण झालं. माफ कर. तुझ्या वयाला मलाही कोणी असं सुनावलं असतं तर आवडलं नसतं. दुसरं लिहितो.

मेमध्ये दुपारची शूटिंग घेऊ नकोस. तुझ्या यंत्राच्या पुस्तकात ४० अंशांपर्यंतच चालवा असं छापलं आहे, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. संक्रांतीच्या आसपास काम घेऊच नकोस, मांजाला माणसाचा गळा दिसत नाही तिथे तुझे पंखे काय दिसणार. घारी दिसल्या तर खाली उतरव. आणि पहाटे एकटीने कोणत्याही ले-आउटवर जायचं नाही. यावर वाद नको. मी येईन सोबत, गाडीतच बसून राहीन, क्लायंटशी एक शब्द बोलणार नाही.

तू सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत मोजणीला माझ्यासोबत यायचीस. लाल-पांढरी झेंडी धरून उभी राहायची हौस. एकदा धुऱ्यावर तू झेंडी धरलीस आणि त्या शेताचे म्हातारे मालक म्हणाले, "पोरगी सरळ उभी आहे ना, मंग रेघ सरळच येते." तुला ते आठवत नसेल. मागे काटोलला मामाच्या संत्र्याच्या बागेवर तू पहिल्यांदा ड्रोन चढवलास, तेव्हा मामा पडद्यात पाहत होते आणि मी तुझ्याकडे. मामांची ती बाग मी तरुणपणी साखळीने मोजली होती, पण अशी कधी पाहिली नव्हती. मोसंबीच्या दोन ओळी मधेच घुसल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आईने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी पाठवला नाही, पण रात्री पुन्हा पुन्हा पाहिला.

म्हणून म्हणतो, काम सोड असं माझं म्हणणं नाही. ठेव मोडून पैसे दिले ते मनापासून दिले, आणि हा धंदा चालेल असं मला वाटतं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून शिवमडक्याच्या बाजूला, हिंगण्याला, जिकडे तिकडे ले-आउट पडत आहेत, आणि प्रत्येकाला वरून दाखवायचं आहे. फक्त काम घेण्याआधी मंजूर नकाशा आणि महारेराचा नंबर मागत जा. ज्याचा नंबर खरा असेल तो देताना कचरत नाही. जाहिरातीत नंबर टाकणं त्याला तसंही बंधनकारक आहे, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा लागतो. व्हिडिओवर शूटिंगचा महिना टाक. रंग उजळ करायचे तर कर, पण जे जमिनीवर उभं आहे ते पुसू नकोस. टॉवरखालच्या पट्ट्यात घर बांधायला परवानगी मिळत नाही. घेणाऱ्याला ते हप्ते सुरू झाल्यावर कळेल.

पुन्हा तेच झालं. आई दोनदा येऊन पाहून गेली, मी काय लिहितो आहे ते. आता थांबतो.

उमरेड रोडच्या त्या माणसाकडून मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका क्रमांक घे आणि मला पाठव. सातबारा ऑनलाइन दिसतो, पण मागचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढायला मी स्वतः जातो, शुक्रवारपर्यंत सांगतो. सगळं नीट निघालं तर त्याला टॉवरसकट, नाल्यासकट व्हिडिओ करून देईन म्हण. नाही म्हणाला तर त्याचा ॲडव्हान्स परत कर, ती रक्कम मी तुझ्या खात्यात टाकतो.

जेवण वेळेवर करत जा. उत्तर माझ्या फोनवर पाठव.

तुझे
बाबा