उंदरांची आठवण आणि मामाचा हिशोब

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

मामाला आहे त्या स्किझोफ्रेनियावरच्या तुझ्या प्रयोगात औषध दिलेले उंदीर नवी वस्तू ओळखायला लागले, हे फोनवर ऐकून बरं वाटलं. पण जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला शंका येणारच, तेव्हा वाच.

चाचणी मला पटते. दोन सारख्या वस्तू दाखवायच्या, नंतर एक बदलायची. धडधाकट उंदीर नवी वस्तू जास्त वेळ हुंगतो, या आजारासारखा बिघाड घडवणारं पीसीपी हे रसायन टोचलेल्याला फरकच कळत नाही. भास होतात का, हे उंदराला विचारता येत नाही. आठवण निदान मोजता तरी येते. आणि अडतंय तिथंच. १९५० च्या दशकातल्या क्लोरप्रोमाझीनपासून या आजारावरची बहुतेक औषधं डोपामाइनला, म्हणजे मेंदूतल्या एका निरोप्या रसायनाला, आवर घालत आली. मामाला ऐकू येणारे आवाज त्यांनी थांबले. पण शाहूपुरीतल्या अडत दुकानात गुळाच्या रव्यांचा हिशोब तोंडी करणारा माणूस आता दोन निरोप दिले की दुसरा विसरतो. भाऊबंद त्याला आळशी म्हणतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

म्हणूनच सांगते, हुरळून जाऊ नकोस. एन्सेनिक्लिन नावाच्या औषधानं जनावरांची आठवण सुधारली होती, २०१६ मध्ये माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यात ते पडलं. २०२५ मध्ये आयक्लेपर्टिन या दुसऱ्या औषधाचंही तेच झालं. पीसीपी मेंदूतल्या पेशींवरचे निरोप घेणारे एनएमडीए रिसेप्टर अडवतं, तेही टोचशील तेवढे दिवस. मामाचा आजार वयात येतानाच आत कुठंतरी मुरत होता. हुंगण्याचे सेकंद मोजणाऱ्याला कुठल्या उंदराला काय दिलंय ते माहीत होतं का? धडधाकट उंदरांनाही औषध दिलंस का? त्यांचीही आठवण तेवढीच वाढली, तर बिघाड दुरुस्त झाला असं कसं म्हणायचं?

मला विचारशील तर वाट्यांची चाचणी कर. आधी वासावरून खाऊ शोधायचा, मग नियम बदलून वाटीत भरलेल्या भुशावरून. शिकवायला वेळखाऊ आहे, कबूल. पण मामाचं नेमकं तिथंच अडतं: रीत बदलली की तो जुन्याच रीतीला चिकटतो. माणसांवरच्या चाचण्यांतही नुसते आठवणीचे गुण पुरत नाहीत, रोजच्या व्यवहारात फरक दाखवावा लागतो. बरोबरच आहे की! मामा पुन्हा रोकड लिहू शकेल का, एवढंच मला कळायचंय.

नव्या चाचणीला प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागेल. सरांशी बोलून अर्ज आत्ताच टाक, दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
आई