थंडी पोचायच्या आधी ब्लँकेट पोचायला हवं, मंडळातर्फे मदतीचं आवाहन

नमस्कार मंडळी, डिसेंबर लागला की आपलं मंडळ ब्लँकेट वाटप करतं हे गल्लीत सगळ्यांना माहितीये, पण यंदा पद्धत बदलायचं ठरलंय आणि त्यासाठी तुमची मदत आत्ताच लागणारे, पेपरात "निफाड गारठलं" असं छापून आल्यावर नाही. कारण ती बातमी येईपर्यंत गोदाघाटावर झोपणाऱ्यांची एक रात्र कुडकुडत गेलेली असते, आणि लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर एक रात्रही खूप होते.

आपल्या नाशिकची थंडी शक्यतो अचानक येत नाही, तिचा रस्ता ठरलेला आहे. आधी इराण, अफगाणिस्तानकडून पश्चिमी चक्रावात येतो, काश्मीर हिमाचलात बर्फ पाडतो, पंजाब हरियाणात थोडाफार पाऊस देतो, आणि तो तिथे असेपर्यंत ढगांमुळे तिकडच्या रात्री उलट जरा उबदारच असतात. तो पुढे सरकला आणि आभाळ मोकळं झालं की उत्तरेचे कोरडे गार वारे खाली उतरायला लागतात, राजस्थान दिल्ली, मग मध्य प्रदेश, मग धुळे जळगाव आणि मग आपण. म्हणजे बऱ्याचदा आपल्या हातात एक दोन दिवस असतात. हवामान खात्याचा शॉर्ट रेंज अंदाज ७२ तासांपर्यंतचा असतो, जिल्हावार इशारे पिवळा, ऑरेंज, लाल अशा रंगात रोज येतात, मोबाईलवर फुकट बघता येतात. मग आपण वाटप बातमी बघून का करायचं, अंदाज बघून का नाही?

फक्त एक, टीव्हीवर "देशभरात थंडी" ऐकून काही कळत नाही. देश एवढा मोठा की एकाच दिवशी पंजाबपासून बिहारपर्यंत ५० मीटरपलीकडचं दिसत नाही असं धुकं असतं आणि तिकडे तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. आपण "मध्य महाराष्ट्र" लिहिलेली ओळ बघायची, हवामान खात्याच्या विभागणीत नाशिक त्यातच येतं. कधी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की आपल्याकडे ढग येतात आणि पारा वरच राहतो, तेव्हा ब्लँकेटं हॉलमध्ये चार दिवस पडून राहिली तरी चालतील, त्यात नुकसान काहीच नाही.

आता थंडीची लाट कधी म्हणतात ते पण सांगतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा कमी आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली, किंवा मग सरळ ४ अंशांपर्यंत घसरलं तर. पण हे तापमान मोजतात साधारण चार फूट उंचीवरच्या पेटीत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन त्याहून जास्त गार होते, म्हणजे पेपरात ९ छापलं असेल तर उघड्यावर जमिनीला पाठ लावून झोपलेल्या माणसाला त्याहून कमीत रात्र काढावी लागते. म्हणून आम्ही लाटेची वाट बघणार नाही, अंदाजात १० दिसलं की त्याच संध्याकाळी गाडी निघणार. आणि म्हणूनच यंदा वरून घ्यायच्या ब्लँकेटइतकंच खाली अंथरायला सतरंजी, चटई, जाड गोणपाट मागतोय. गेल्या वर्षांत आपण हे कधी दिलंच नाही, ते द्यायलाच हवं.

कुठे जायचं ते ठरलंय, घाट, रेल्वे स्टेशनबाहेरचा भाग, सरकारी दवाखान्याच्या आवारात झोपणारे पेशंटचे नातेवाईक, आणि निफाडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या. शिवाय पेठ सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेली कुटुंबं. पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रीप चालू करतात, तशी काळजी बागेच्या कडेला झोपलेल्या पोरांचीपण व्हावी एवढीच बागाईतदार भावांना हात जोडून विनंती, शेडचा एक कोपरा रात्री मोकळा करून द्या.

काय आणायचं? ब्लँकेट, लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या, पायमोजे, कोप्यांसाठी ताडपत्री. जुनं चालेल पण धुतलेलं आणि न फाटलेलं, आपण स्वतः अंगावर घेऊ असंच द्या. पैसे देणार असाल तर मंडळाच्या पावतीशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका, सगळा हिशोब हॉलच्या बोर्डावर लावणार आहोत. शेगड्या आणि कोळसा मात्र आणू नका, बंद कोपीत रात्रभर कोळसा धुमसत राहिला की त्यातून निघणाऱ्या, वास न येणाऱ्या विषारी वायूने झोपेतच जीव जाऊ शकतो, वाटपाच्या वेळीही हे प्रत्येकाला सांगायचंय.

माणसंपण हवीत. ज्यांच्याकडे छोटा हत्ती किंवा पिकअप आहे त्यांनी नाव द्या, डिझेल मंडळ भरेल. रात्री ९ नंतर दोन तीन तास फिरू शकणारी पोरं पोरी हव्यात, आणि रोज सकाळी अंदाज वाचून ग्रुपवर टाकणारं एक नेमाचं माणूस. वाटताना घेणाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत, हे मंडळाने ठरवलंय आणि त्यात बदल होणार नाही.

गणपती मंदिरामागचा हॉल रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडा आहे, रविवारी सकाळीपण. ज्येष्ठांना यायला जमत नसेल तर शेजारच्या पोरांकडे निरोप द्या, घरी येऊन सामान घेऊन जाऊ.