केनेडींचा हिरवा रंग कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन चित्रकार एलेन डी कूनिंग यांनी काढलेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या चित्रांवर लेख आला, बरे वाटले. पण 'चेहरा ओळखूच येत नाही' अशी टिंगल करून लेखकमहाशय मोकळे झाले, ते काही पटले नाही. शिवाय शीर्षकात 'डी कूनिंग यांच्या पत्नीने' कशासाठी? माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नावाच्या ग्रंथालयासाठी केनेडींचे चित्र करायचे काम बाईंना मिळाले होते, त्यांच्या यजमानांना, म्हणजे चित्रकार विलेम डी कूनिंग यांना नव्हे.

डिसेंबर १९६२ च्या अखेरीस बाई केनेडींना रंगवायला फ्लोरिडातल्या पाम बीचला गेल्या, तर हा गृहस्थ घडीभर स्वस्थ बसेना. सतत चुळबुळ. मग बाईंनी भराभर रेखाटने केली आणि पुढे जवळजवळ वर्षभर स्टुडिओत तोच माणूस पुन्हा पुन्हा रंगवला. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि बाईंचा ब्रशच थांबला. आपल्या लेखात हे सगळे दीड ओळीत उरकले आहे.

मी निवृत्त कलाशिक्षक. आमच्या संस्थेच्या संस्थापकांचे व्यक्तिचित्र करायचे काम एकदा माझ्याकडे आले. अण्णा तेव्हा हयात होते. समोर बसवले की दोन मिनिटांत उठून 'नळ कोणी चालू ठेवला रे?' म्हणत व्हरांड्याकडे निघायचे. मी तेच रंगवले. अर्धवट उठलेले अण्णा, हातात धोतराचा सोगा, चेहऱ्याला दोनच जाड फटकारे. समितीतले एक सदस्य म्हणाले, "सर, चष्मा राहिला." दुसऱ्यांनी विचारले, "पूर्ण कधी होणार?" आमच्या शिपायाने मात्र दारातूनच बघून 'अण्णा निघाले वाटतं' म्हटले होते. पण शिपायाला समितीत कोण घेतो! सभागृहात लागला तो जुन्या फोटोवरून केलेला फ्लेक्स, गुलाबी गालांचा. माझ्या कॅनव्हासच्या पाठीवर झाडे रंगवून स्नेहसंमेलनाच्या नाटकाचा पडदा केला. काटकसर म्हणून त्याचेही कौतुक झाले.

तेव्हा 'ओळखू येत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी माणूस किती पाहिलाय ते सांगावे. वर्तमानपत्रांतल्या करड्या फोटोंपेक्षा प्रत्यक्षातले केनेडी बाईंना अगदी वेगळे, सोनेरी उजेडातले दिसले होते. म्हणून तर वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतले ते साडेआठ फुटी चित्र हिरव्या-पिवळ्या फटकाऱ्यांनी भरलेले आहे. आणि आपण ते छापलेत कसे? काळे-पांढरे, तिकिटाएवढे! त्याच पानामागे गृहप्रकल्पाची जाहिरात मात्र पानभर रंगीत, तीत आकाशसुद्धा नको तितके निळे.

जाता जाता, पुरवणीची किंमत वाढवलीत, हरकत नाही. पण शब्दकोड्याचे उत्तर गेले दोन आठवडे छापलेले नाही. आडवे शब्द आमच्याकडे अजून अडलेले आहेत.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, मिरज