नाव माहीत नसलेल्या बाइकवाल्यांनो, थँक्यू!

घरच्या घरी बाइक कशी सांभाळायची ते ज्यांनी ज्यांनी स्वतःचा वेळ घालवून, फोटोबिटो काढून नेटवर लिहून ठेवलंय त्या सगळ्यांचे जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. तुमची खरी नावं माहीत नाहीत, टोपणनावंच काय ती ठाऊक.

चेनचंच घ्या ना. ओ-रिंगवाली (म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने धुऊ नका, रबराची वाट लागते, केरोसीन आणि मऊ ब्रश वापरा हे एकाने सांगितलं, मग दुसऱ्याने भर घातली की इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये कधीच पुसू नका बाबांनो, बोट जाईल, चाक हातानेच फिरवा. आणि ढिलाई एकाच जागी मोजून भागत नाही, चाक थोडं थोडं फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठे लागते ते बघायचं, तिथली ढिलाई मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायची आणि मगच ॲक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याचा, नट आवळायचा. इतकं बारीक कोण सांगतं हो!

राइडसाठी रस्ते आखून देणाऱ्या रूटवाल्यांनाही थँक्यू. नेटवर्क गेलं तरी फोनचं जीपीएस चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा, हे कळलं. जीपीएक्समध्ये (जीपीएसचा रस्ता साठवायची फाइल) ट्रॅक दिला तर आखलेली रेघ तशीच राहते, रूट, म्हणजे नुसते मधले टप्पे, दिला तर डिव्हाइस स्वतःचं डोकं चालवून भलतीकडे नेऊ शकतं, हे ज्याने समजावलं त्याला तर दंडवत.

हां, आणि चेनला स्प्रे ल्यूब की गिअर ऑइल यावर भांडणाऱ्यांचेही आभार, तुमचं अजून मिटलेलं नाही, चालू द्या.