निरीक्षकाच्या हातात ड्रोनचा रिमोट नको

मा. संपादक,
स. न.

वॉटर स्कीइंगच्या, म्हणजे पायात स्की (लांब फळ्या) घालून बोटीच्या दोराला धरून पाण्यावर घसरण्याच्या, कसरती ड्रोनने टिपताना एक चूक वारंवार होते. बोटीत मागे तोंड करून बसणाऱ्या निरीक्षकाच्याच हातात रिमोट दिला जातो. स्कीपटूचे हातवारे बघणे, तो पडला की चालकाला तत्काळ सांगणे, हेच खरे तर निरीक्षकाचे काम. चालकाची नजर समोर, निरीक्षकाची पडद्यावर. मग पाण्यात पडलेल्याकडे बघणार कोण? ड्रोन उडवायला तिसरा माणूस हवा आणि तो शक्यतो काठावर हवा.

बोटीवरून उडवायचेच असेल, तर ‘होम पॉइंट’, म्हणजे ड्रोनने परत येण्याची नोंदवलेली जागा, सतत बदलत राहावी लागते. नाहीतर सिग्नल तुटला की ड्रोन उड्डाणाच्या मूळ जागी, म्हणजे बोट निघून गेलेल्या पाण्यात उतरतो. इंजिनाच्या लोखंडाजवळ होकायंत्र बिघडते. हलत्या, चकाकत्या पाण्यावर खालचे सेन्सर उंची चुकवतात, म्हणून चार मीटरच्या खाली येऊच नये. बॅटरी ३५ टक्क्यांवर आली की परत फिरावे. पाण्यावर दुसरी उतरायला जागा नसते.

रॅम्पवरच्या उडीत बोट ताशी ५७ किलोमीटरपर्यंत जाते आणि आडवा कापत येणारा स्कीपटू तिच्याहून बराच वेगवान असतो. साध्या मोडमधला ड्रोन त्याला गाठू शकत नाही, आणि स्पोर्ट मोडमध्ये अडथळा ओळखणारे सेन्सर सहसा बंद असतात. पाठलाग सोडून द्या. स्कीपटू जिथे उतरतो तिथून बाजूला तीसेक मीटर, आठ-दहा मीटर उंचीवर ड्रोन स्थिर ठेवा. दोर आणि स्कीपटू यांच्या डोक्यावर तर कधीच नको. हँडल सुटले की ताणलेला दोर झटक्यात उसळतो.

कॅमेऱ्याचे म्हणाल, तर उडणारे पांढरे तुषार चित्र बिघडवतात. ऑटो एक्स्पोजर (चित्राचा उजेड आपोआप ठरवणारी सोय) त्यांच्यामागे वरखाली होते, ऑटोफोकस त्यांच्यावरच अडकतो. दोन्ही लॉक करा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप (उजेड मोजण्याचे माप) कमी ठेवा. सेकंदाला ५० फ्रेम असतील तर शटर १/१०० सेकंद आणि त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर टाळलेला बरा, ड्रोन वळताच पाण्याची चकाकी मध्येच बदलते. सकाळी वारा पडलेला असताना पाणी काचेसारखे असते. स्कीच्या कडेने कापलेली रेघ तेव्हाच स्वच्छ उमटते.

जलक्रीडेचा परवाना देताना निरीक्षकाच्या हातात रिमोट किंवा मोबाइल असू नये, ही अट लेखी घालावी, अशी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे.

– जलक्रीडा चित्रीकरण करणारे काही वाचक, सातारा